वाकळेचा मधला तुकडा

माझ्या आधी त्या घरात एक बाई नांदून गेल्ती, आणि मी तिथं गेले तेव्हा ती पुरती गेलेली नव्हती. असं म्हणलं की आताची पोरं हसतात. हसा बापडे. मला भुताखेताच्या गोष्टी सांगायची हौस न्हाई. माझ्या अंगावरून गेलं तेवढंच सांगती, आणि त्यातलं जे मला कळलं न्हाई ते कळलं न्हाई असंच सांगती.

माझं माहेर टेंभुर्णीचं आणि सासर राजूरच्या अलीकडं. आमच्या शेतातून गणपतीच्या देवळाचा कळस दिसायचा. राज्य निजामाचं होतं. दुनियेत कुठं तरी मोठी लढाई चालल्ती म्हणत, आणि आम्हाला तिचा एवढाच पत्ता की कापड मिळत नव्हतं. कंट्रोलचं कापड यायचं ते पोत्यासारखं, आणि तेही ज्याची ओळख त्यालाच. बापानं मला दुसरेपणावर दिली. माझ्या पाठीवर तीन बहिणी, त्यामुळं बापाला निवड करायची सवड नव्हती आणि मला विचारायची पद्धत नव्हती. एक तांबडं लुगडं अंगावर घालून मला बैलगाडीत बसवलं. तेवढंच माझं नवं कापड.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, माझ्या गळ्यात चांदीचा टाक बांधला. टाक म्हणजे पत्र्यावर उठवलेली बाईची बारकी मूर्ती. सवतीचा टाक. पहिली मेली की दुसरीनं तिला असं गळ्यात वागवायचं. नवं लुगडं आधी तिला लावायचं आणि मंग आपण नेसायचं. सणाचा घास आधी तिला दाखवायचा. म्हणजे ती रागावत न्हाई, नांदू देती. टाक बांधताना आत्याबाईंचे हात थंडगार होते. त्या म्हणल्या, हिला सांभाळ, ही तुला सांभाळल. मला तळपायापासून राग आला. एका नवऱ्याशी लगीन केलं ते केलं, वर त्याच्या मेलेल्या बायकोचं ओझं गळ्यात. पण बोलते कुणाला. मान खाली घातली तर तो टाक बराबर माझ्या छातीवर उताणा पडून माझ्याकडं बघून राह्यलेला.

घर काही मोठं नव्हतं. पांढऱ्या मातीचं धाब्याचं घर, दोन खण, मागं गोठा. माणसं आम्ही चारच. आत्याबाई, मालक, मी, आणि सवतीची पोरगी. पोरगी पाचेक वर्षांची असल. तिची माय दुसऱ्या बाळंतपणात गेली, पोटातल्यासकट. त्याला दोन वर्षं होऊन गेल्ती. मालक तोंडानं मुके न्हाईत एवढंच. कापसाच्या गाड्या घेऊन जालन्याला जायचे, आले की जेवायचे, काही विचारलं की म्हणायचे, आईला विचार.

आणि पोरगी माझ्याशी बोलायचीच न्हाई. रडायची न्हाई, चावायची न्हाई, पळून जायची न्हाई. भाकर दिली तर खायची. न्हाऊ घातलं तर न्हायची. पण बोलणं बिलकुल बंद. मी घरात फिरले की तिचे डोळे माझ्यामागं फिरायचे. मला वाटायचं, ही काही तरी मापून राह्यली.

तिचं सगळं बोलणं त्या वाकळेशी.

वाकळ म्हणजे गोधडी, आमच्याकडं वाकळच म्हणतात. ती सवतीनं शिवायला घेतल्ती, ही पोरगी पोटात होती तेव्हा. आमच्याकडची वाकळ काठापासून शिवत आत येतात. खाली जुन्या लुगड्यांचं अस्तर अंथरायचं, वर कडेकडेनं तुकडे लावायचे, आणि धावदोरा घालत घालत एक फेर पुरा झाला की त्याच्या आत दुसरा फेर, असं करत मध्यावर यायचं. मधला तुकडा लागला की वाकळ संपली. सवतीचे फेर सगळे झालते, मधला तुकडा तेवढा लावायचा राह्यला होता. वीतभर चौकोनी जागा, तिथं नुसतं मळकं अस्तर. बाकी वाकळ इतकी देखणी की मला राग यायचा. टाके तांदळाएवढे, एकाला एक लागून, कुठं वाकडं न्हाई. मेलीचा हात चांगला होता, खोटं कशाला बोला.

आत्याबाईंनी एका दुपारी मला ती अंगणात पसरून दाखवली. सगळ्यात बाहेरचा फेर मामंजींच्या तांबड्या पटक्याचा. त्याच्या आतला आजेसासूच्या हिरव्या लुगड्याचा. मंग नणंदेच्या खणाच्या चोळीचा. त्याच्या आत धाकट्या दिराच्या चौकड्याच्या सदऱ्याचा. आणि अगदी आत, त्या रिकाम्या जागेभोवती, सवतीच्या स्वतःच्या हळदीच्या लुगड्याचा पिवळा फेर. आत्याबाई एकेका फेरावर बोट ठेवून सांगत होत्या आणि मी मान हलवत होते. ह्यातलं एकही माणूस मी पाहिलेलं नव्हतं. सगळे गेलेले. मी म्हणलं, म्हणजे ह्या सगळ्या गेलेल्यांच्या कापडांची आहे का ही. त्या एकदम माझ्यावर उखडल्या. लेकराच्या वाकळेला जित्या माणसाचं कापड लागतं, म्हणल्या. अंगावरचं, घामाचं. ज्यांचा लेकरात जीव आहे त्यांच्याकडून मागून घ्यायचं. मेलेल्याचं कापड नदीला सोडतात, लेकराच्या अंगावर घालत न्हाईत. तुमच्या टेंभुर्णीला एवढंही शिकवत न्हाईत का.

त्या बोलण्यात काय होतं ते माझ्या डोक्यात शिरलं न्हाई. मला फक्त टेंभुर्णीचा उद्धार केल्याचा राग आल्ता.

पोरगी ती वाकळ सोडून दुसरं काही पांघरायची न्हाई. थंडी पडली होती आणि मधल्या जागेत नुसतं अस्तर, त्यामुळं बराबर छातीवर गार लागायचं. तिला खोकला लागला. दिवसाही ती वाकळ पुढ्यात घेऊन बसायची आणि त्या मधल्या जागेला कान लावायची. एखादं माणूस बोलून राह्यलं आणि आपण ऐकून राह्यलो, तशी. मध्येच मान हलवायची. मध्येच म्हणायची, हं. मी भाकरी थापत असायची आणि पाठीमागनं तो बारका आवाज यायचा, हं, हं. एकदा ती कान लावूनच होती आणि डोळे माझ्यावर. ऐकत होती तिचं आणि बघत होती मला. मी हातातली भाकर तव्यावर टाकली ती वाकडी पडली.

आत्याबाईंनाही ते दिसत होतं. त्या म्हणल्या, वाकळ अर्धी राह्यली म्हणून सगळं अर्धं राह्यलं. पोरीची माय तिच्यात अडकून पडली आहे आणि पोर बी तिच्यात अडकली. मधल्या जागेला आता तुझं कापड लाव. तू तिची माय ना आता. तुझं कापड तिच्या छातीवर आलं की ती तुला लागल.

आणि माझं नवं कापड ते एकच, तांबडं लुगडं. मी म्हणलं, जुन्या लुगड्याचा लावते. त्या म्हणल्या, लग्नाचंच लागतं. मी ते विळीवर धरलं तेव्हा माझ्या डोळ्याला पाणी आलं. पोरीसाठी न्हाई, लुगड्यासाठी. वीतभर तुकडा कापला, रीतीप्रमाणं आधी टाकाला लावला, आणि दुपारची जेवणं झाल्यावर शिवायला बसले. दोराही मिळत नव्हता त्या दिवसांत. लुगड्याच्या काठातनं उपसून घेतला. माझे टाके सवतीसारखे न्हाईत, पण पक्के होते. तुकडा लावला, दातानं दोरा तोडला, पोरगी भिंतीकडं तोंड करून झोपली होती तिच्या अंगावर वाकळ घातली, आणि बाहेरून कडी लावून आडावर पाण्याला गेले.

आल्यावर कडी काढली. पोरगी तशीच, भिंतीकडं तोंड करून. वाकळेची मधली जागा उघडी. माझा तांबडा तुकडा माझ्या अंथरुणाच्या वळकटीवर नीट घडी घालून ठेवलेला. आणि दोरा तुटलेला न्हाई. एकेक टाका सोडवून सबंध दोरा बाहेर काढलेला, आणि एका काडीला गुंडाळून तुकड्यावर ठेवलेला.

मी हंडा उतरवायचाच विसरले. डोक्यावर हंडा घेऊन तशीच उभी. घर बंद होतं. आत एक झोपलेलं लेकरू. इतक्या नीटसपणानं उसवायचं म्हणजे शिवणाऱ्या बाईचं काम. मी छातीवर हात नेला तर टाक गरम लागला. उन्हानं गरम झाला असल, मी नुकती उन्हातनं आल्ते. असं मी मनाला सांगितलं.

आत्याबाईंनी तुकडा हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. घडी चौपदरी घालून वरून तिरपी मोडलेली होती, पानाच्या विड्यासारखी. त्या हळूच म्हणल्या, अशी घडी तीच घालायची.

दुसऱ्या दिवशी मी परत शिवला. दोरा दुहेरी घेतला. त्या दिवशी पाण्याला गेले न्हाई, नुसती गोठ्यात जाऊन शेण काढून आले. तेवढ्यात उसवलेला. तीच घडी, तीच काडी. मंग मी चिडले. भीती एका जागी आणि माझा राग दुसऱ्या जागी. मी रिकाम्या घरात त्या टाकाला मुठीत धरून बोल बोल बोलले. म्हणलं, अगं बाई, तुझ्या नवऱ्यावर माझा काय जीव जडला होता का. मला आणून टाकली इथं. तुझी लेक खोकून राह्यली, तिच्या छातीवर एक फडकं लावायचं तर तुला माझा विटाळ होतो. तुझं सगळं तूच घेऊन बस, पण पोरीला तरी ऊब लागू दे. असं बरंच. शिव्याही दिल्या, त्या आता सांगत न्हाई. वळून बघते तर पोरगी उठून बसलेली. माझ्याकडं टक लावून. आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडावर काही तरी होतं. मला तेव्हा वाटलं तो राग आहे.

त्यानंतरही शिवला, तरी उसवला. आता घरात कुणी मोकळं बोलेना. मालक जेवताना ताटात बघायचे. आत्याबाई राजूरला जाऊन गणपतीला नारळ फोडून आल्या. तरी तेच. मंग एका संध्याकाळी चुलीपुढं त्यांनी मला जवळ बसवलं. आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्ती भ्या वाटलं. म्हणल्या, पोरी, तिला तू चालत न्हाईस. तिनं तुला घेतलं न्हाई. मी काय करू. संक्रांतीपर्यंत वाट बघू. तोवर मधला तुकडा टिकला तर बरं. न्हाई तर तुला गाडीत घालून टेंभुर्णीला पोचवते. तुला इथं ठेवली आणि तुझं काही बरंवाईट झालं तर तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवू.

आता ज्यांना त्या काळाची माहिती न्हाई त्यांना सांगती. सवतीनं घेतली न्हाई म्हणून परत आलेली पोर म्हणजे मेलेलीपेक्षा वाईट. तिच्या बहिणींना कोण करून घेतो. बाप दारात घेईल, पण त्याची मान जाईल. गावातल्या बाया माझी सावली चुकवून जातील. मला त्या घरात लई सुख होतं असं न्हाई, पण दुसरं घर मला नव्हतं. त्या वीतभर तुकड्यावर माझा सगळा जन्म अडकून बसला. मी रोज सकाळी उठून आधी देवाचं नाव घ्यायचं सोडून वाकळेकडं बघायला लागले.

संक्रांत जवळ आली. शेतात हुरडा आल्ता, आत्याबाई दिवसभर पाखरं राखायला जायच्या. मालक जालन्याला. त्या दिवशी मी तुकडा शेवटचा म्हणून लावला. दोरा तिहेरी, टाक्यावर टाका, गाठीवर गाठ. बोटं सुजली. म्हणलं, आता काढ बघू. पोरगी झोपली. मी कडी लावून हंडा घेऊन निघाले, आडाच्या निम्म्या वाटेत ध्यानात आलं की चुंबळ घरीच राह्यली. डोक्यावर काय ठेवू. तशीच माघारी फिरले.

भर दुपार. गल्लीत कुत्रं न्हाई. दाराजवळ आले आणि आतून आवाज ऐकला. हं. मंग थोडा वेळ काही न्हाई. मंग परत, हं.

कडी न वाजवता काढली. दार थोडं लोटलं.

पोरगी उन्हाच्या पट्ट्यात बसली होती. पुढ्यात वाकळ, हातात बाभळीचा लांब काटा. काट्यानं टाका उचलायची, बोटानं ओढायची, पुढचा टाका. जिभेचं टोक बाहेर. एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखी सवयीनं. मध्येच थांबून रिकाम्या जागेला कान लावायची, मान हलवायची आणि परत काटा. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी सगळ्या कोपऱ्यांत बघितलं, खरंच बघितलं.

भीतीच्या जागी माझ्या मस्तकात आग गेली. म्हणजे ही. हे एवढंसं कार्टं मला घराबाहेर काढून राह्यलं. मी आत गेले आणि तिचं मनगट धरलं. काटा खाली पडला. मी तिला हलवलं. म्हणलं, एवढी नको का मी तुला. काय केलं मी तुझं. सांग, तोंड उघड, आज तरी तोंड उघड.

ती घाबरली न्हाई. माझ्या तोंडाकडं बघून, अगदी मोठ्या माणसासारखी म्हणली, "तुझा तुकडा लावू नको. ज्याचा लावला ते जातं."

मला समजेना. तिनं मोकळ्या हातानं वाकळेचा काठ पुढं ओढला आणि बोट ठेवलं. हे आजोबा, लावला आणि गेले. हे मोठी आजी, लावला आणि गेली. आत्या. काका. बोट एकेक फेर आत सरकत होतं. पिवळ्यावर आलं आणि थांबलं. मंग तिनं माझ्या तांबड्या तुकड्यावर हात पालथा ठेवला, झाकून टाकल्यासारखा.

मी खाली बसले. आत्याबाईंचं ते बोलणं आता माझ्या डोक्यात शिरलं. जित्याचं कापड लागतं. म्हणजे कापड दिलं तेव्हा मामंजी जिते होते. आजेसासू जिती होती. नणंद, दीर, सगळे हिंडते-फिरते होते. आणि मामंजी आणि आजेसासू तर ही पोरगी जन्मायच्या आधीच गेलेले. हिनं त्यांना बघितलेलंही न्हाई.

मी विचारलं, "तुला हे कुणी सांगितलं?"

"मायनं," ती म्हणली. "माय म्हणली, हिला जाऊ देऊ नको."

मी पुढं कित्येक वर्षं ह्याचा हिशेब लावत बसले. मायनं जिती असताना सांगितलं असल, असं मन म्हणायचं. पण जितीला हे माहीत असतं तर तिनं शेवटी आपल्याच लुगड्याचा पिवळा फेर लावला असता का. दुसऱ्यांदा पोटुशी राह्यलेली बाई, हातानं आपलं मरण शिवल का. म्हणजे तिला ते माहीत नव्हतं. तिला ते मागून कळलं. आणि मागून कळलेलं तिनं पोरीला कधी सांगितलं, ह्याच्यापुढं माझी अक्कल चालत न्हाई. ज्या बाईला मी मुठीत धरून शिव्या दिल्या, ती मला वाचवून राह्यली होती. एवढं मात्र मला त्या दुपारी कळलं, आणि मी पोरीला पोटाशी धरून मोठ्यानं रडले. ती लाकडासारखी ताठ होती. पण तिनं मला ढकललं न्हाई.

डोकं वर केलं तर दारात आत्याबाई. त्या जल्दी घरी आल्त्या, का आल्त्या ते कधी विचारलं न्हाई. हातात हुरड्याची कणसं. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं, कारण त्यांची नजर वाकळेवर होती आणि ओठ हलून राह्यले होते. तांबडा, हिरवा, खणाचा, चौकड्याचा, पिवळा. नवरा, सासू, लेक, लेक, सून. त्या तशाच उंबऱ्यावर बसल्या. कणसं मांडीवरून घरंगळली ती त्यांनी उचलली न्हाईत.

त्यांना आधी माहीत होतं का? हेही माझ्या मनात आलं, लपवत न्हाई. लग्नाचंच लागतं म्हणून मला विळीवर बसवणारी तीच बाई. पण मी त्या वेळचा त्यांचा चेहरा बघितला आहे. माणसाला पाच मरणं एकदम एका घटकेत परत मरताना मी दुसऱ्यांदा बघितलं न्हाई. त्यांना तेव्हाच कळलं. मी तसंच धरून चालले, आणि तसं धरलं म्हणून मला त्यांच्याजवळ राहता आलं.

मंग त्या उठल्या. चुलीजवळची विळी घेतली, पायाखाली धरली, आणि नेसल्या लुगड्याचा पदर पुढं ओढून त्याचा तुकडा कापला. काळपट निळं लुगडं होतं, विधवा झाल्यापासूनचं. कापताना आवाज आला तेव्हा पोरीनं मान वर केली.

त्यांनी तुकडा माझ्या पुढ्यात टाकला. "शीव," म्हणल्या.

मी हात मागं घेतले. म्हणलं, आत्याबाई, जाळून टाकू ही वाकळ. न्हाई तर नदीला सोडू. त्या म्हणल्या, तिच्यात माझी सगळी माणसं आहेत, जाळते कशी. आणि उघडी ठेवली तर ती कुणाची तरी वाट बघत राहणार. आज तुझी, उद्या ह्या पोरीची. मंग त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. माझ्या सासूनं मला कधी हात लावलेला नव्हता, तो त्या दिवशी माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"टेंभुर्णीला कुणी जायचं न्हाई," त्या म्हणल्या. "तू हितं ऱ्हा. पोरीला माय लागती. मला आता कोण लागतं? शीव."

मी शिवला. तांबडा उसवून काढला आणि निळा लावला. सुई दोनदा बोटात गेली. पोरगी समोर बसून बघत होती. दोरा संपला तेव्हा तिनं काडीला गुंडाळलेला दोरा उचलून मला दिला. आत्याबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या, त्यांच्या ओठांवरनं वाटत होतं की त्या देवाचं काही म्हणून राह्यल्या. शेवटची गाठ मारली आणि वाकळ संपली. तशी ती फार सुंदर दिसत होती, विहिरीत वाकून बघितल्यावर तळाशी काळं पाणी दिसतं तशी. मला तिच्याकडं बघवेना.

पाणी भरायचं राह्यलंच होतं. मी चुंबळ घेतली आणि आत्याबाईंना म्हणलं, चला माझ्यासंगं. त्या आल्या. आम्ही दोघी पोरीला आत ठेवून, कडी लावून, आडावर गेलो. मी मनातल्या मनात पोरीला विनवून राह्यले होते, की उसव. बाई, तू हेही उसव. काटा तिथंच पडला आहे. माझं उसवलंस ना, मंग हिचंही उसव.

आल्यावर कडी आत्याबाईंनीच काढली. पोरगी वाकळ अंगावर घेऊन झोपली होती. भिंतीकडं तोंड करून न्हाई, उताणी, गाढ. तोंड उघडं. निळा तुकडा तिच्या छातीवर, श्वासासंगं खालीवर होत होता. एक टाका हललेला न्हाई.

आत्याबाई वाकल्या आणि तुकड्यावरून हात फिरवला. "ऱ्हायला," म्हणल्या. एवढंच. मंग अंगणात जाऊन सांडलेली कणसं गोळा करून आणली आणि हुरडा भाजायला बसल्या.

पोरीचा खोकला गेला. संक्रांत झाली. आत्याबाईंनी मला त्यांच्या हातानं तिळगूळ दिला, गल्लीतल्या बायांना बोलावून माझी ओटी भरवली. त्या दिवसांत त्या माझ्याशी जितकं बोलल्या तितकं आधी कधी बोलल्या नव्हत्या. कोणती गाय कशी पान्हा चोरती, मालकांना कशाचं पथ्य लागतं, बियाणं कुठं ठेवायचं. जायला निघालेलं माणूस घर सोपवतं तसं सगळं सांगत होत्या, आणि मला कळत होतं, आणि त्यांनाही कळत होतं की मला कळतं. ज्वारी काढायला आली तेव्हा त्यांना ताप भरला. वय झालं होतं, थंडीत राखणीला बसायच्या, ताप येणारच. असं सगळे म्हणले. मीही म्हणले.

त्या गेल्या त्याच्या दहाव्यानंतर पाहुणे पांगले. मालक शेतात गेले. दुपारी मी पहिल्यांदाच जरा आडवी झाले, उघड्या जमिनीवर, हातावर डोकं ठेवून. पोरगी वाकळ ओढत ओढत आली. माझ्याजवळ बसली. मधल्या निळ्या तुकड्याला कान लावला, बराच वेळ. मी डोळे मिटून घेतले, कारण आता कुणाचं नाव येतं ह्याचं मला भ्या वाटत होतं.

तिनं वाकळ माझ्या अंगावर घातली आणि स्वतःही आत शिरली. तिचे पाय बर्फासारखे होते. ते तिनं माझ्या पायांत घातले.

"माय म्हणती, आता तू ऱ्हा," ती म्हणली. "आणि आजी बी तसंच म्हणती."